आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : अमेरिकेतील मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतील सर्व मराठी मंडळे

सप्रेम नमस्कार.

शाळेत, मॉलमध्ये किंवा एखाद्या प्रार्थनास्थळात गोळीबार झाला की दोन दिवसांत आपल्यापैकी बऱ्याच मंडळांचे निवेदन येते. त्यात मृतांना श्रद्धांजली असते, ‘एका मनोरुग्ण तरुणाच्या भ्याड कृत्याचा’ निषेध असतो आणि शेवटी मुलांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष देण्याचे आवाहन असते. महिन्याभरात झूमवर एखादे व्याख्यान होते, ताणतणाव, ध्यानधारणा, मोबाइलचे व्यसन यांवर बोलणे होते आणि पुढच्या गोळीबारापर्यंत विषय मिटतो. यामागच्या सद्भावनेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु मी आग्नेय मिशिगनमधील शाळांत समाजसेविका म्हणून अनेक वर्षे काम करते आहे, ज्यांना आपण ‘मानसिक समस्या असलेली मुले’ म्हणतो त्यांच्यातच माझा दिवस जातो, आणि म्हणून असे निवेदन वाचले की आग रामेश्वरी लागली असताना आपण बंब सोमेश्वरी धाडत आहोत, असे मला वाटत राहते.

माझे म्हणणे असे आहे. सामूहिक हत्याकांड असो वा एकट्याने बंद खोलीत केलेली आत्महत्या, मनुष्य टोकाला पोहोचलेला असताना बंदूक त्याच्यापासून किती अंतरावर होती, या प्रश्नावर बरेच काही ठरते, आणि ते अंतर वाढवणे कुटुंबाच्या, शाळेच्या आणि मंडळाच्याही आवाक्यात असते. ‘मनोरुग्ण’ हे उत्तर आधीच देऊन टाकले की हा प्रश्न विचारलाच जात नाही. शिवाय ज्यांना खरोखर मानसिक आजार आहे, त्यांच्या डोक्यावर आपण नसलेला गुन्हा ठेवतो. मंडळांनी हा प्रश्न हाती घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आधी आजाराविषयी. ड्यूक विद्यापीठातील जेफ्री स्वॉन्सन यांनी मानसिक आजार आणि हिंसा यांच्या संबंधाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांचा हिशेब असा की स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार आणि तीव्र नैराश्य हे आजार उद्या समूळ नाहीसे झाले, तरी अमेरिकेतील हिंसाचार साधारण चार टक्क्यांनी कमी होईल आणि उरलेला होता तसाच राहील. ‘पण ते रोजच्या मारामाऱ्यांचे झाले, हत्याकांडे वेगळी,’ असे कोणी म्हणेल, तर एफबीआयने २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. २००० ते २०१३ या काळातील ६३ हल्लेखोरांची पूर्वपीठिका त्यात तपासली आहे. त्यांच्यापैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला कधीकाळी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे पक्के सांगता आले आणि भ्रम-भास होणाऱ्या गंभीर आजाराचे निदान अवघ्या तिघांचे होते. बहुतेकांच्या आयुष्यात नोकरी, पैसा, मोडलेला संसार, कोणाशी तरी धुमसणारे वैर असे एकापेक्षा अधिक ताण एकाच वेळी चालू होते आणि त्यांच्या वागण्यातील चिंताजनक खुणा आजूबाजूच्या माणसांच्या नजरेला आलेल्या होत्या.

वर्गात शिरून लहान मुलांना गोळ्या घालणारा माणूस शहाणा कसा असू शकेल, असे मला पालक नेहमी विचारतात. प्रश्नामागची वेदना समजते. पण क्रौर्य, द्वेष, सूडबुद्धी, मेल्यावर तरी नाव व्हावे ही हाव, यांपैकी कशालाच औषधांच्या दुकानात गोळी मिळत नाही. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात शिरलेला हल्लेखोर गौरवर्णीयांच्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता होता. एल पासोमध्ये २०१९ साली २३ जणांचा जीव घेणाऱ्याने लॅटिनो लोकांना वेचून मारले, तर बफेलोमध्ये २०२२ साली दहा कृष्णवर्णीयांना मारणाऱ्याने आपला वंशद्वेष आधीच सविस्तर लिहून ठेवला होता. त्या माणसांना आजारी म्हणणे म्हणजे ज्या विचाराने त्यांना घडवले त्या विचाराला निर्दोष सोडणे होय. २४ मे २०२२ रोजी टेक्ससमधील उवाल्डी येथे १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या राज्याचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी मानसिक आरोग्याच्या समस्येकडे बोट दाखवले आणि त्याच पत्रकार परिषदेत हल्लेखोराला मानसिक आजाराचा ज्ञात इतिहास नसल्याचेही सांगितले! अठरावा वाढदिवस होताच त्याने दोन रायफली कायदेशीर मार्गाने विकत घेतल्या होत्या, ही गोष्ट मात्र चर्चेत मागच्या बाकावर बसली.

ही सवय फक्त अमेरिकेची आहे असेही नाही. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर–मुंबई सेंट्रल एक्स्प्रेस पालघरच्या आसपास असताना रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि नंतर वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्याचा आरोप आहे. दिवस मावळायच्या आत त्याच्या तापट स्वभावाची आणि बिघडलेल्या मानसिक संतुलनाची चर्चा सुरू झाली होती. त्याचा दोष काय आणि किती, हे न्यायालय ठरवील. परंतु ‘मला बरे वाटत नाही, मधेच उतरू द्या’ असे तो म्हणत होता आणि त्याला मुंबईपर्यंत ड्यूटी पुरी करायला सांगण्यात आले, असे त्याच्या सहकाऱ्याने पोलिसांना सांगितले आहे. हे खरे धरले, तर अशा माणसाच्या हाती स्वयंचलित रायफल का राहू दिली, हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा होता. तेथेही तो मागेच पडला.

आता एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा, कारण तो आपल्या मंडळांतील सुशिक्षित माणसेच घेतात. ते म्हणतात, साठच्या दशकापासून अमेरिकेने मोठी मनोरुग्णालये बंद केली, रुग्ण रस्त्यावर आले, आणि त्याची फळे आज आपण भोगतो आहोत. १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांच्या वर रुग्ण होते आणि आज खाटा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहेत, हे खरे. रुग्णांना बाहेर काढून समाजात उपचारांची जी सोय उभी राहायची होती, ती धड उभी राहिली नाही, हेही खरे, आणि त्याचे हाल मी रोज पाहते. परंतु मनोरुग्णालये ब्रिटनने बंद केली, इटलीने तर कायदा करून बंद केली, आणि स्किझोफ्रेनियाचे प्रमाण तेथेही येथल्यासारखेच आहे. येथल्यासारखे गोळीबार तेथे होत नाहीत. फरक शोधायला फार लांब जावे लागत नाही. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेच्या २०१८ मधील अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे दर शंभर माणसांमागे १२० हून जास्त. याच अंदाजात भारताचा आकडा शंभरामागे पाच-साडेपाच आहे.

मानसिक आजार कधीच कारण नसतो, असे मात्र मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. व्हर्जिनिया टेकमध्ये १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जण मारले गेले आणि त्यांत मुंबईहून उच्चशिक्षणासाठी आलेली एक विद्यार्थिनीही होती. तेथला हल्लेखोर आजारी होता. डिसेंबर २००५ मध्येच न्यायिक अधिकाऱ्याने तो स्वतःच्या जिवाला धोका असल्याचे नोंदवून बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला बंदूक विकता येत नाही. पण व्हर्जिनिया राज्य तेव्हा केवळ रुग्णालयात सक्तीने दाखल केलेल्यांची नावे बंदूक विकण्यापूर्वी तपासल्या जाणाऱ्या संगणकीय यादीत पाठवत असे. त्यामुळे याचे नाव यादीत गेले नाही आणि त्याने एकामागून एक दोन पिस्तुले रीतसर विकत घेतली. मेन राज्यातील लुइस्टन येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये १८ जणांना मारणारा राखीव दलातील सैनिकही आजारी होता. घरच्यांनी आणि दलातील सोबत्यांनी पोलिसांना सावध केले होते, उन्हाळ्यात तो रुग्णालयात राहूनही आला होता. मेनमध्ये शस्त्रे काढून घेण्याचा कायदा होता, पण त्याची वाट आधी पोलिसांनी माणसाला ताब्यात घेणे, मग डॉक्टरांची तपासणी, मग न्यायालय अशी वळणावळणाची होती आणि त्या वाटेने कोणी गेलेच नाही. स्थानिक पोलिसांकडे कारवाईला पुरेसे कारण होते, असा निष्कर्ष राज्याने नेमलेल्या आयोगाने नंतर काढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेनच्या मतदारांनी कुटुंबीयांना थेट न्यायालयात जाता येईल असा सुटसुटीत कायदा कौल देऊन मंजूर केला. या दोन्ही प्रकरणांत आजार ठाऊक होता, उपचारांचा संबंधही आलेला होता. जे झाले नाही ते एवढेच, की त्या माणसापासून बंदूक कोणी दूर केली नाही.

इंडियानापोलिसचे प्रकरण तर प्रत्येक भारतीय घरात वाचले जावे असे आहे. मार्च २०२० मध्ये एका आईने स्वतः पोलिसांना कळवले, की आपल्या मुलाने बंदूक घेतली आहे आणि पोलिसांच्या गोळीने मरण ओढवून घेण्याचा त्याचा विचार दिसतो. पोलीस आले, त्यांनी त्याची शॉटगन जप्त केली, त्याला तपासणीसाठी नेले. एका आईला जे जे करता येते, ते तिने केले होते. इंडियाना राज्यात २००५ पासून असा कायदा आहे की धोकादायक अवस्थेतील माणसाकडून शस्त्र काढून घेऊन, न्यायालयाच्या आदेशाने, पुढे काही काळ त्याला नवे शस्त्र घेण्यासही मनाई करता येते. परंतु शॉटगन तर आपल्या ताब्यात आली आहे आणि तो ती परत मागत नाही, म्हणून सरकारी वकिलांनी न्यायालयात अर्जच केला नाही. मनाईचा आदेश नव्हता, म्हणून त्याच वर्षी जुलै आणि सप्टेंबरमध्ये त्याने दोन रायफली रीतसर विकत घेतल्या. १५ एप्रिल २०२१ च्या रात्री फेडेक्सच्या केंद्रात त्याने आठ जणांना मारले. त्यांतले चार जण शीख समाजाचे होते. मृतांत शीख होते म्हणून हा वंशद्वेषाचा प्रकार असावा, असे अनेकांना वाटले. एफबीआयने तपासाअंती सांगितले की मरायचे ठरवलेल्या माणसाने मरता मरता इतरांना मारले. या निष्कर्षाबद्दल शीख संघटनांनी प्रश्न उपस्थित केले आणि ते समजण्यासारखे आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की आत्महत्येची खूण एका वर्षापूर्वी दिसली होती, ती आईने ओळखली होती, आणि तिच्यावर अर्धीच कारवाई झाली.

या कायद्याला बोलीत ‘रेड फ्लॅग’ म्हणतात. तो निदान पाहत नाही, वागणूक पाहतो, म्हणून मला तो अधिक न्याय्य वाटतो. मानसिक आजारावर औषधे घेणारी, पण कोणाच्या वाटेला न जाणारी बाई त्यात सापडत नाही आणि कसलेही निदान नसलेला, पण बायकोला मारून टाकण्याची भाषा करणारा नवरा सापडतो. कनेटिकटने १९९९ साली तो पहिल्यांदा केला. फ्लॉरिडाने पार्कलंडच्या शाळेतील १७ मृत्यूंनंतर २०१८ साली केला आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर रिक स्कॉट रिपब्लिकन होते. आमच्या मिशिगनमध्ये तो १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे. जोडीदार, कुटुंबीय, पोलीस, डॉक्टर आणि मानसोपचार करणारे व्यावसायिक न्यायालयाकडे अर्ज करू शकतात. किती मराठी कुटुंबांना हे ठाऊक आहे, याचा प्रत्येक मंडळाने अंदाज घ्यावा.

ऑक्सफर्ड हे गाव डेट्रॉइटच्या उत्तरेला आहे. त्या भागातील शाळांत काम करणाऱ्या आम्हा सर्वांसाठी काळाचे ३० नोव्हेंबर २०२१ च्या आधी आणि नंतर असे दोन भाग झाले आहेत. त्या सकाळी गणिताच्या तासाला पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या कागदावर बाईंना चित्र दिसले : पिस्तूल, गोळी, रक्ताळलेला माणूस, आणि शेजारी लिहिलेले, की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. याहून स्पष्ट मागणी कोणते मूल करील? शाळेने आईवडिलांना बोलावले. समुपदेशकाने लवकरात लवकर उपचार सुरू करायला सांगितले. आईवडिलांनी त्याला त्या दिवशी घरी नेण्यास नकार दिला, भेट काही मिनिटांत आटोपली आणि मुलगा वर्गात परतला. वडिलांनी चारच दिवसांपूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सेलमध्ये त्याच्यासाठी पिस्तूल घेतले होते, हे शाळेला ठाऊक नव्हते. आईवडिलांना ठाऊक होते आणि ते त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत. दप्तर कोणी उघडून पाहिले नाही. पिस्तूल दप्तरातच होते. दुपारी त्याने झाडलेल्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मारले गेले. खटल्यात पुढे आले की पिस्तुलाबरोबर मिळालेले तारेचे कुलूप वापरलेच गेले नव्हते. ते लावायला किती थोडे सेकंद लागतात, हे सरकारी वकिलांनी ज्युरीला करून दाखवले. २०२४ साली आई आणि वडील दोघेही सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि दोघांना प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

त्या मुलाला मदतीची गरज होती, हे कोण नाकारील? पण समुपदेशकाकडे ताबडतोब वेळ मिळाली असती, तरी मनाचा उपचार महिने-वर्षे चालतो. कुलूप त्या दिवसापुरते काम करते. माझ्या कामात मी दोन्ही मागते, आणि आधी कुलूप मागते.

या वादात सर्वांत मोठा आकडा ज्यांचा आहे, त्यांच्याविषयी आपली निवेदने कधीच निघत नाहीत. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ म्हणजे निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. ज्यांच्या बातम्या जगभर जातात ती हत्याकांडे एकूण मृत्यूंचा फार छोटा भाग आहेत. मानसिक आरोग्य आणि बंदूक यांचा खरा, दाट संबंध जर कोठे असेल तर तो येथे आहे. आत्महत्येची ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटांची किंवा तासांची असते. ती ओसरली आणि माणूस वाचला, तर अशा वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक मात्र दुसरी संधी क्वचितच देते, तिने केलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ प्रयत्न प्राणघातक ठरतात. आपल्यापैकी ज्यांचे बालपण गावात गेले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एंड्रिन या कीटकनाशकाचा डबा माळ्यावर नसता तर त्या रात्रीचे भांडण सकाळी मिटले असते, असे प्रत्येक गावात कोणाबद्दल तरी बोलले जाते. श्रीलंकेने १९९५ नंतर सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली आणि दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. इस्रायलच्या सैन्याने २००६ साली शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्या सैनिकांना रायफल तळावरच ठेवायला लावली आणि सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. या दोन्ही ठिकाणी कोणाचे नैराश्य बरे झाले नव्हते, साधन तेवढे हाताशी उरले नव्हते.

आता बंदूक बाळगण्याच्या हक्काविषयी. मंडळांतील माझ्या काही स्नेह्यांना हे पत्र म्हणजे त्यांच्या तिजोरीवर धाड वाटेल. तसे ते नाही. आपल्या समाजात आता बंदुका आहेत, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. एच-वन-बी व्हिसावर असताना, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद सोडला, तर बंदूक घेता येत नाही. ग्रीन कार्ड आले की घेता येते, आणि करोनाच्या काळात आशियाई लोकांवरचे हल्ले वाढले तेव्हा अनेकांनी ती घेतली. महामार्गावरचे मोटेल किंवा पेट्रोल पंप रात्री एकट्याने चालवणाऱ्या माणसाला, पोलीस यायला वीस मिनिटे लागतात अशा ठिकाणी, स्वसंरक्षणावर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. १५ नोव्हेंबरला मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, त्या दिवशी काही शाळांना सुट्टी असते, आणि माझे कित्येक सहकारी पहाटेच रानात गेलेले असतात. ते सगळे सज्जन आहेत.

१७९१ सालची दुसरी घटनादुरुस्ती व्यक्तीला बंदूक बाळगण्याचा हक्क देते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. हा निकाल मला पटतो की नाही, याला अर्थ नाही. तो कायदा आहे. परंतु तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्याच निकालात या हक्काला मर्यादा असल्याचे स्पष्टपणे नोंदवले आहे. २०२२ च्या ब्रूएन निकालाने निर्बंधांना ऐतिहासिक आधार मागण्याची कसोटी आणली, तेव्हा रेड फ्लॅगसारखे कायदे टिकणार नाहीत असे अनेकांना वाटले होते. २०२४ साली रहिमी खटल्यात त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी सांगितले, की दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्याचे न्यायालयाने ठरवलेल्या माणसाकडून शस्त्र तात्पुरते काढून घेता येते. तेव्हा ‘हक्क की बंधन’ असे भांडण उभे करण्याचे कारण उरलेले नाही. जबाबदार बंदूकधारकाला कुलूप लावायला सांगणे म्हणजे त्याचा हक्क काढून घेणे नव्हे, आणि असे जबाबदार बंदूकधारक हेच मला या कामात हवे आहेत. त्यांचे ऐकले जाईल तितके माझे ऐकले जाणार नाही.

मानसिक आरोग्याचे नाव घेणाऱ्या सगळ्यांच्याच हेतूवर माझा विश्वास नाही, हेही लिहून ठेवते. उवाल्डीनंतर जून २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून कायदा केला आणि त्यात शाळांमधील मानसोपचार सेवांसाठी मोठी तरतूद केली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने त्यातलीच सुमारे शंभर कोटी डॉलरची अनुदाने थांबवत असल्याचे कळवले आणि प्रकरण न्यायालयांत गेले. बंदुकीविषयी बोलायचे नाही म्हणून मनाविषयी बोलायचे, आणि मनासाठी खर्चाची वेळ आली की हात आखडायचा, हा दुटप्पीपणा कोणत्याही पक्षाच्या मतदाराला दिसावा इतका उघडा आहे.

आपल्या समाजातले नुकसान वेगळेच आहे आणि ते मला जास्त छळते. मानसोपचार घेण्यात या देशातील आशियाई कुटुंबे सर्वांत मागे आहेत. ‘नोंद राहील’, ‘ग्रीन कार्डाची फाइल अडकेल’, ‘मुलीच्या लग्नाचे काय?’ ही वाक्ये मी मराठीत ऐकली आहेत, तीही उच्चशिक्षित घरांत. त्यात जेव्हा मंडळाचेच निवेदन मनोरुग्ण आणि खुनी यांना एका ओळीत बसवते, तेव्हा औषधे घेणारे सोळा वर्षांचे मूल ते वाचते. त्याची आईही वाचते आणि पुढची अपॉइंटमेंट रद्द करते. बंदूक विकत घेताना भरायच्या अर्जावर मानसिक आजाराविषयी प्रश्न असतो खरा, पण संघराज्याच्या कायद्यात तो न्यायिक निर्णयाने अपात्र ठरवलेल्या किंवा सक्तीने रुग्णालयात दाखल केलेल्या व्यक्तींपुरता आहे. स्वतःहून समुपदेशकाकडे जाणारा माणूस त्यात येत नाही. एवढी साधी माहितीही आपल्या व्याख्यानांत कधी दिली जात नाही.

म्हणून माझ्या मागण्या मांडते. गोळीबारानंतरच्या निवेदनात, तपासात सिद्ध झाल्याशिवाय, हल्लेखोराच्या मनाविषयी काहीही लिहू नये. त्याऐवजी ९८८ हा संकटकाळचा दूरध्वनी क्रमांक आणि आपल्या राज्यात रेड फ्लॅग कायदा आहे की नाही, असल्यास अर्ज कोठे करायचा, हे लिहावे. मराठी शाळा, युवा शिबिरे आणि नाटकाच्या तालमींसाठी मुले एकमेकांच्या घरी राहायला जातात, तेव्हा आपल्या अर्जांवर शेंगदाण्याची ॲलर्जी, शाकाहार, पोहता येते का, घरात कुत्रा चालतो का, हे सगळे विचारलेले असते. तेथे आणखी एक ओळ हवी : यजमान घरात बंदूक असल्यास ती रिकामी करून, कुलपात आणि गोळ्यांपासून वेगळी ठेवली आहे का? मिशिगनमध्ये तर, घरात अल्पवयीन मूल असताना किंवा येण्याची शक्यता असताना बंदूक कुलपात ठेवणे हे फेब्रुवारी २०२४ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. अर्जावरच छापलेला असला की हा प्रश्न विचारताना कोणाला संकोच वाटत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही.

‘मंडळ राजकारणात पडत नाही’ हे उत्तर मला आधी मिळालेले आहे. करमुक्त धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, हे बरोबर आहे. सुरक्षिततेची माहिती देण्यावर तशी कोणतीही मनाई नाही. सनस्क्रीन आणि सीटबेल्ट यांवर आपण सभा घेतल्या, तेव्हा कोणी राजकारण म्हटले नव्हते.

गणेशोत्सवाच्या नोंदणीचे अर्ज निघण्यापूर्वी हा विषय आपल्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा, ही विनंती. अर्जावरच्या ओळीचा आणि माहितीपत्रकाचा मजकूर मराठी व इंग्रजीत तयार करून देण्याची जबाबदारी मी घेते. तारेची कुलुपे अनेक पोलीस ठाण्यांत फुकट मिळतात, नाव-गाव न विचारता. आधी फोन करून किती शिल्लक आहेत ते विचारावे आणि उत्सवाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर, पार्किंगच्या नकाशाशेजारी, एक खोके ठेवावे.

आपली नम्र,
एक शालेय समाजसेविका,
आग्नेय मिशिगन